मोटरहोम घ्यायचंय: डोक्यावर माडी, सपाट तोंड की सरळ व्हॅन? आपल्या उन्हात कुठली बॉडी चालेल?

संत्राबाग

नमस्कार मंडळी. वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार घेतो. डिसेंबरात माल निघाला आणि बाग ताणावर सोडली की महिनाभर मोकळा असतो. दुसरी सवड मे महिन्यात, पोरांच्या सुट्टीत.

माय चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गुडघे गेलेत, पण फिरायची हौस गेली नाही. शेगाव, लोणार, माहूर, मार्कंडा, सगळं तिला एकदा डोळे भरून पाहायचंय. अडचण एकच, रात्रीचं बाथरूम. लॉजवर दोन पायऱ्या जास्त असल्या की ती रात्रभर पाणी पीत नाही. हे कळलं त्या दिवशी ठरवलं की चाकांवरचं घर घ्यायचं.

आता गोंधळ बॉडीचा आहे. एका प्रकारात ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेला असतो, छज्ज्यासारखा. दुसऱ्यात कॅबिन कंपनीचीच, पण छत उतरतं. तिसऱ्यात पूर्ण तोंडच नवीन बांधलेलं, बससारखी भली मोठी काच. चौथी साधी उंच छताची व्हॅन. मला मनातून तिसरी आवडली आहे, खोटं कशाला बोलू. आम्ही पाच जण आहोत: माय, आम्ही दोघं आणि दोन पोरं. अनुभवी लोकांनी सांगावं.

म्युनिकचा_वऱ्हाडी

मूळचा अकोल्याचा, बारा वर्षं जर्मनीत. इथे दर उन्हाळ्यात भाड्याने गाडी घेतो, त्यामुळे चारही प्रकारांत झोपून झालंय.

आधी नावांचा घोळ सोडवतो, कारण व्हिडिओ पाहताना इथेच फसगत होते. अमेरिकेत ए, बी, सी असे वर्ग आहेत. ए म्हणजे उघड्या चेसिसवर बांधलेली बससारखी मोठी गाडी, बी म्हणजे व्हॅन, सी म्हणजे कंपनीची कॅब पुढे ठेवून मागे घर बांधलेली, बहुतेक वेळा डोक्यावर पलंग असलेली. तिथे सी वर्गासाठी मागून कापलेली कॅब कंपनीच तयार देते, त्याला कटअवे म्हणतात. युरोपात आकारावरून नावं आहेत. जर्मनीत डोक्यावर पलंगवाली ती आल्कोव्हन, कॅब ठेवलेली पण बुटकी ती टाइलइंटेग्रिएर्ट, पूर्ण तोंड बदललेली ती फोलइंटेग्रिएर्ट आणि व्हॅन ती कास्टनवागन. इंग्लंडात डोक्यावरच्या भागाला ल्यूटन म्हणतात. ल्यूटन गावात बेडफर्डच्या मालगाड्या बनायच्या आणि गावचा धंदा होता टोप्यांचा. टोप्या वजनाला हलक्या पण जागा खाणाऱ्या, म्हणून कॅबच्या वरपर्यंत पेटी पुढे आणली. पुढे त्याच जागेत माणसं झोपायला लागली.

युरोपातल्या बहुतांश गाड्या फियाट डुकाटोवर असतात. पुढच्या चाकांना ताकद, त्यामुळे खालून शाफ्ट जात नाही आणि फरशी खाली राहते. तुमच्या आईंसाठी हे लक्षात ठेवा.

उंची साधारण अशी: व्हॅन 2.6 ते 2.8 मीटर, बुटकी कॅबवाली 2.8 ते 2.9, पूर्ण तोंडाची 3 मीटरच्या आसपास, माडीवाली 3.1 ते 3.2. कागदावर अर्ध्या मीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण आल्प्समधल्या वाऱ्यात माडीवाली चालवताना मी स्टिअरिंगला चिकटून बसलो होतो. समृद्धीवर वर्धा, अमरावतीच्या मोकळ्या माळावर आडवा वारा लागतो तेव्हा तीच आठवण होते.

तुम्हाला आवडलेल्या सपाट तोंडाच्या गाडीत आतली जागा खरोखर राजेशाही असते. ड्रायव्हरच्या वर पलंग छताला टांगलेला असतो, रात्री खाली ओढायचा, सकाळी वर. पण ती काच फुटली तर इथेही आठवडे थांबावं लागतं. वरुडला काय कराल?

जुना_फोरमन

भाऊ, मी एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढले. घर कसं बांधाचं ते दुसरे सांगतीन. मी तुले कॅबिनचं सांगतो, कारण लोक पलंग पायतात अन् इंजिन कुठी बसलं ते पायतच नाई.

कॅबिन तीन तऱ्हेची. एक, इंजिन पूर्न बोनेटखाली पुढं, जसं पिकअपचं. दुसरी सेमी फॉरवर्ड: अर्धं इंजिन बोनेटमंदी, अर्धं दोन शिटांच्या मधात घुसलेलं. टाटाची 407 आली 1986 मंदी, ते तशीच. नावातच एसएफसी लिवलेलं रायते, त्याचा अर्थच सेमी फॉरवर्ड कंट्रोल. तिसरी फॉरवर्ड: ड्रायव्हर इंजिनावरच बसते, तोंड सपाट, दुरुस्तीले पूर्न कॅबिन पुढं झुकवा लागते.

आता आपल्या कामाचं. झुकनाऱ्या कॅबिनले मागून भोक पाडून घरात जाची वाट कराची म्हनलं तर ते काम सोपं नाई. कॅबिन हालते वेगळी, मागची पेटी हालते वेगळी. मधात रबराचा भाता लावा लागते, जसा जोडबसले असते. पावसाळ्यात तेथूनच पानी. अन् इंजिनसाठी कॅबिन झुकवाची तं तो भाता आधी सोडा. तुही माय पुढं बशीन अन् तिले मागं जाचं असन तं गाडी थांबवून, उतरून, फिरून जा लागन. त्या माऊलीचे गुडघे पाय. तिच्यासाठी आतून सलग वाट पायजेच.

अन् इंजिन मधात असलं तर मे महिन्यात त्याच्या झाकनावर हात ठेवून पायजो. झाकनाखाली चांगला जाड फेल्ट नसला तं कितीबी एसी लावा, पाय भाजतेत.

चांदागडची

मी चंद्रपूरची. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये भाड्याची माडीवाली गाडी घेऊन आम्ही मोहर्लीला गेलो होतो. नवरा, मी, दोन मुली आणि सासूबाई.

दुपारी दोन वाजता मुलींना वर झोपायला पाठवलं आणि दहा मिनिटांत दोघी लाल होऊन खाली आल्या. गरम हवा वर चढते आणि माडीच्या तीन बाजूंना ऊन. छत हाताला लागेल एवढं जवळ. रात्री अकरापर्यंत तो पत्रा उष्णता सोडत होता. आमच्याकडे पंचेचाळीस-सेहेचाळीसचं ऊन असतं तेव्हा घराच्या स्लॅबखालीसुद्धा झोपवत नाही, हे तर पत्र्याखालचं.

तरीसुद्धा मी माडीच्या बाजूने बोलणार आहे. पाच माणसं, त्यात दोन लहान मुलं. माडी असली की मुलांचा पलंग कायमचा घातलेला राहतो. बाकी गाड्यांत रोज रात्री टेबल काढा, गाद्या जोडा, सकाळी पुन्हा उलटं. ते काम शेवटी बाईच्याच वाट्याला येतं, हे इथे कोणी लिहिणार नाही म्हणून मी लिहिते. डिसेंबरात याच गाडीने नवेगावबांधला गेलो तेव्हा मुलींना खाली उतरायचंच नव्हतं. दोन बाजूंना दोन छोट्या खिडक्या, तळ्याकडे तोंड.

संत्राबाग

फोरमनकाका, ताई, मनापासून आभार. वाटेचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

काकांनी भोक पाडायचं म्हटलं त्यावरून आठवलं. आमच्या साडूने मागच्या वर्षी जुनी पिकअप घेऊन एका गॅरेजवाल्याकडून कॅबिनची मागची भिंत कापून घेतली आणि वर पेटी चढवली. 'कागदाचं मी पाहतो' म्हणाला होता तो माणूस. फिटनेसला गाडी गेली आणि परत आली. आता ती गोठ्याच्या बाजूला उभी आहे, आत कुटार भरतात. साडू त्या विषयावर बोलत नाही. मला त्या वाटेने जायचं नाही. मग कायदेशीर काय चालतं?

पत्रा_पाना

बॉडीकाम करतो, नागपूर बाजूला. रुग्णवाहिका, स्कूलबस, शीतवाहनं. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर नीट देतो.

मोटर वाहन कायद्याचं कलम 52 पाहा. कंपनीच्या मूळ नमुन्यापासून वेगळा बदल नोंदणी झालेल्या गाडीत मनाने करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. छत कापून उंच करणं, कॅबिन कापणं, हे त्यात येतं. सरळ मार्ग वेगळा आहे. आपल्याकडे मोटर कॅरव्हॅन हा मान्य प्रकार आहे, त्याचं मानक एआयएस-124. ज्या बांधणाऱ्याकडे त्या चेसिसवर मंजुरी आहे, त्याच्याकडून नवीन गाडी कॅरव्हॅन म्हणूनच नोंदवून घ्यायची. किमान चार गोष्टी लागतात: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं. टेबल सहज काढता येणारं चालतं, बाकी पक्कं बसवलेलं हवं. आगाऊ पैसे देण्याआधी मंजुरीचा कागद डोळ्यांनी पाहा, चेसिसचं मॉडेल त्यावर जुळतंय का ते बोट ठेवून वाचा. 2021 मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून चौकशी वाढलीय आणि अर्धवट माहितीचे कारागीरही वाढलेत.

लायसनचं विचाराल म्हणून सांगतो: एकूण वजन 7500 किलोपर्यंत हलक्या वाहनाचं लायसन चालतं.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, मागचा लोंबता भाग. मागच्या चाकाच्या मागे बॉडी किती काढायची याला नियम आहे, व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या, साठ टक्क्यांपर्यंत. 3350 मिलिमीटर व्हीलबेस असेल तर 2010 मिलिमीटर. लोक ती पूर्ण लांबी वापरतात आणि पाण्याची टाकी, बाथरूम, गॅस, सगळं तिथेच टाकतात. हिशोब करून पाहा. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. टाकी मागच्या धुरीच्या (अॅक्सलच्या) दीड मीटर मागे ठेवली, तर मागच्या धुरीवर 145 किलो भार येतो आणि पुढची धुरी 45 किलोने हलकी होते. तराजूची दांडीच आहे ती. पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी असेल तर चढावर नेमकी तीच चाकं हलकी झालेली असतात. म्हणून टाकी दोन धुऱ्यांच्या मध्ये घ्या, बॉडीवाला कितीही म्हणो की तिथे अवघड जातं. अवघड जातं, पण होतं.

माडीचं वजन पुढे आणि वर, सपाट तोंडाचं वजन पुढे. व्हॅनचं वजन कंपनीने जिथे धरलंय तिथेच. हा व्हॅनचा मोठा गुण.

मेळघाटवाला

धारणीत राहतो. परतवाडा ते सेमाडोह, चिखलदरा, हरिसाल, हे माझं रोजचं. पर्यटकांच्या गाड्या कुठे अडकतात ते मी पाहतो.

घाटात रुंदीपेक्षा मागचा लोंबता भाग जास्त त्रास देतो. वळणावर पुढचं तोंड निघून जातं आणि मागचा कोपरा कठड्याकडे किंवा समोरच्या एसटीकडे फिरतो. नाल्याच्या रपट्यावर उतरताना पुढची चाकं वर चढतात आणि मागचा बंपर सिमेंटला घासतो. त्यात तिथेच सांडपाण्याचा नळ असला तर तो गेलाच.

दुसरं, झाडं. गावात शिरणारे आपले रस्ते बाभळीखालून, चिंचेखालून जातात. ट्रकवाल्यांनी ट्रकच्या उंचीपर्यंत फांद्या मोडलेल्या असतात तो मोठा रस्ता झाला. शेतातल्या पांदणीत ट्रॅक्टरच्या उंचीपर्यंतच मोकळं असतं. माडीचा पुढचा वरचा कोपरा हा फांदी लागण्याचा पहिला मान घेतो, आणि जोड उघडतो तोही तिथेच. एकदा पाणी शिरलं की आतलं प्लाय फुगतं, बाहेरून काही दिसत नाही.

आणि काळी माती. पावसाळ्यात डांबर सोडून दोन हात खाली उतरलात की गाडी बसली. तीन-साडेतीन टनांचं घर ट्रॅक्टरने ओढावं लागतं. पुढे आणि मागे दोन्हीकडे ओढायचे हुक चेसिसला आहेत का, ते घेतानाच पाहा. सपाट तोंडाच्या सुंदर गाड्यांचे हुक फायबरच्या मागे दडवलेले असतात.

म्युनिकचा_वऱ्हाडी

उन्हावरून एक भर. इकडच्या गाड्या थंडीसाठी बांधलेल्या असतात: फायबर, मध्ये तीनेक सेंटिमीटर फोम, पुन्हा फायबर. तोच थर उन्हालाही अडवतो, पण भिंतीत आणि छतात. काचेत नाही. सपाट तोंडाच्या गाडीची काच उन्हाकडे उभी राहिली की आतून भट्टी. पडदा आतून लावून उपयोग होत नाही, ऊन आत शिरलेलं असतं. झाकण बाहेरून हवं.

पत्रा_पाना

बरोबर. आणि व्हॅनमध्ये उलटी अडचण: पत्र्याच्या फासळ्या आतपर्यंत येतात आणि उष्णता घेऊन येतात. फासळ्यांच्या मध्ये फोम भरून भागत नाही, फासळीवरही पातळ थर लागतो, मग सनमायका. हे काम आत झाकलं जातं म्हणून यात चोरी होते. काम चालू असताना दोनदा जाऊन फोटो काढा. शीतवाहनाच्या बॉडीचं काम केलेला कारागीर मिळाला तर त्याला धरा, त्याला गरम-थंडीची वाट कळते.

चांदागडची

आम्ही एसीवर विसंबलो होतो. रात्री बॅटरी संपली.

जुना_फोरमन

एसीच्या मागं लागू नका म्हनतो मी. बिनपान्याच्या उन्हात विदर्भात कूलर काऊन लावतेत लोक? हवा कोरडी हाये म्हून. एक टनाचा एसी आठ-नऊशे वॅट खाते. रातभर थांबून-थांबून चालला तरी चार-पाच युनिट पायजे, म्हंजे लिथियमची 12 व्होल्टची चारशे अॅम्पिअरची बॅटरी पूर्न रिकामी. कूलर दीड-दोनशे वॅटमंदी भागते. छतावर दोन पॅनेल असले तं आरामात. अन् पॅनेलसाठी गाडी उन्हात उभी करा लागते, आपन तं शोधतो कडुनिंबाची सावली! म्हून कमी खानारं यंत्र घ्या.

आता इथंच बॉडीचा फरक पडते. व्हॅनचे मागचे दोन दरवाजे उघडतेत. एका दाराच्या मापाची चौकट बनवा, तिच्यात वाळ्याचा ताटवा अन् पंखा. रात्री दार उघडून चौकट अडकवा, सकाळी काढा. बॉडी कापाची नाई, कायद्याची भानगड नाई. बांधलेल्या घराची मागची भिंत बंद रायते, तेथी भोक पाडा लागते. कूलरले हवा बाहेर जाले वाट पायजे, नाई तं आत दमट होऊन माणूस घुसमटते. छतावरची झडप पुढच्या अंगाले ठेवा. मागून थंड हवा आत, पुढून गरम बाहेर.

चांदागडची

काका, हे वाचून लक्षात आलं की माडीच्या दोन छोट्या खिडक्या हीच ती गरम हवेची वाट झाली असती. आम्ही त्या बंद ठेवल्या होत्या, धुळीच्या भीतीने. म्हणजे माडी मेमध्ये झोपायला नाही, पण हवा बाहेर काढायला चालेल, आणि हिवाळ्यात मुलींची खोली. मी माझी बाजू सोडलेली नाही.

मेळघाटवाला

ताई, मे महिन्यात चिखलदऱ्याला या. संध्याकाळी माडीतही झोपाल.

संत्राबाग

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण मोजमाप करत होतो.

पंधरा फुटी बांबू घेतला, त्यावर मीटरच्या खुणा केल्या आणि पोराला घेऊन आमच्या रोजच्या वाटा मोजल्या. बागेकडची पांदण, जुन्या आंब्याखाली: 2.9 मीटर. आंबा आजोबांनी लावलेला, फांदी तोडणार नाही. घरासमोरची विजेची तार तशी उंच आहे, पण उन्हाळ्यात झोळ पडतो, तेव्हा पुन्हा मोजेन. रेल्वेच्या बोगद्यावर उंची लिहिलेलीच आहे, तिथे अडचण नाही. म्हणजे माडीवाली माझ्या दारापर्यंत येणारच नाही. सपाट तोंडाची जेमतेम घासत येईल, आणि काचेचं वाचून मन उतरलं.

मग मायला घेऊन दोन व्हॅन पाहिल्या. एक पुढच्या चाकांच्या ताकदीची, टाटाची विंगर. दुसरी फोर्सची, मागच्या चाकांची. मायला दोन्हीत चढवलं. पहिलीत ती माझा हात न धरता चढली. दुसरीत एक पाऊल उंच पडलं, पण पायरी जोडली तर जमेल म्हणाली. घाटाचा आणि काळ्या मातीचा विचार केला तर मागच्या चाकांची बरी वाटते. फोरमनकाकांनी सांगितलं म्हणून पुढच्या सीटवरून मागे चालून पाहायला लावलं. ती शिटांच्या पाठी धरत आरामात मागे गेली आणि तिथेच बसून म्हणाली, 'इथं माझी जागा.'

तर उंच छताची व्हॅन, मागच्या चाकांची, बाहेर सरकणारी पायरी, टाकी मध्ये, बाथरूम मागच्या धुरीच्या पुढे डाव्या अंगाला. माय आणि मोठी पोरगी खालच्या पलंगावर, आम्ही दोघं आडव्या पलंगावर मागे, लहानगा टेबलाच्या गादीवर. ताई, ती गादी रोज मी घालीन, हे बायकोसमोर कबूल केलंय.

एकच शंका. मागे आडवा पलंग आला तर कूलरची हवा आमच्या अंगावरच अडेल, मायपर्यंत पोचणार नाही. मग काय करू?

पत्रा_पाना

आडवा पलंग घेण्याआधी आतली रुंदी फोम आणि सनमायका लावल्यानंतरची मोजा. दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ सेंटिमीटर सहज जातात. तुमची उंची पावणेसहा फूट असेल तर पाय दुमडून झोपाल. त्यापेक्षा दोन उभे पलंग, मधून वाट.

जुना_फोरमन

अन् त्याच वाटेनं हवा जाईन. पलंग दोन बाजूले, मधात फूट-दीड फूट मोकळं. कूलरची चौकट मधल्या उंचीवर लाव, जमिनीपासून अडीच फुटावर. बाथरूमचं दार पुढच्या अंगाले उघडणारं ठेव, नाई तं उघडं रायलं की हवा अडवते. मायच्या उशाशी एक लहान 12 व्होल्टचा पंखा. अन् पान्याचं पिप रोज रात्री भरलं का ते पाय, कूलर रातभरात वीस-पंचवीस लिटर पिते. टाकी ठरवताना ते पानी धर, मंग 100 लिटर पुरनार नाई. 150 ची घे, मधातच.